ग्रामसभा तहकूब झाली, मग पुढे काय होतं?

15 ऑगस्टला शाळेसमोर झेंडावंदन होतं. मुलांची भाषणं होतात, देशाचं भवितव्य तुमच्या हातात आहे असं पाहुणे मुलांना सांगतात, टाळ्या पडतात. मग ग्रामपंचायतीसमोर सतरंजी अंथरली जाते, कारण त्याच दिवशी ग्रामसभा असते. झेंड्याला जमलेली गर्दी तोवर पांगलेली असते. सरपंच, पंचायतीचं दफ्तर सांभाळणारे भाऊसाहेब, शिपाई, दोन-चार सदस्य, घरकुलाच्या यादीत नाव अडकलेले काही जण आणि पारावरून उठून आलेली म्हातारी माणसं, एवढेच उरतात. तासभर वाट पाहून ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’, म्हणजे पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून सभा पुढे ढकलली, अशी नोंद होते आणि मंडळी घरी जातात.

त्या एका ओळीच्या नोंदीचा परिणाम काय होतो, हे बहुतेक गावांत फारसं कुणाला ठाऊक नसतं. राष्ट्र उभारणीत नागरिकाची जबाबदारी काय, या प्रश्नावर आपल्याकडे भाषणं उदंड होतात. मला त्या प्रश्नाचं उत्तर या सतरंजीवर जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून ग्रामसभा चालते कशी, तिथे पैसा कसा ठरतो आणि आपण गेलो नाही तर नेमकं काय घडतं, हे नीट समजून घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य आणि सरपंच. त्यांची दर महिन्याला मासिक सभा होते. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती. तिथे कुणाला निवडून यावं लागत नाही, तुमचं अठरावं वर्ष पूर्ण झालं आणि यादीत नाव लागलं की तुम्ही तिचे सभासद. महाराष्ट्रात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत ही त्रिस्तरीय व्यवस्था 1 मे 1962 पासून सुरू झाली. 73 व्या घटनादुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. खासदार आणि आमदार आपण निवडतो ते आपल्या वतीने बोलण्यासाठी. कायद्याने सामान्य मतदाराला स्वतः बसून, स्वतःच्या तोंडाने निर्णयात भाग घेण्याचा अधिकार दिलाय तो मात्र इथेच.

आपल्या राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या असतात. सबळ कारण नसताना सभा न घेणाऱ्या सरपंचाच्या पदावर गदा येऊ शकते. त्यामुळे सभा घेतली जाते. प्रश्न असतो तो माणसं येण्याचा.

सभा वैध ठरायला किती माणसं हवीत? एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी. 3,000 मतदारांचं गाव धरा. 15 टक्के म्हणजे 450 होतात, पण 100 हा आकडा त्याहून लहान, म्हणून 100 माणसं पुरतात. 3,000 मधली 100, म्हणजे तिसातली तीनसुद्धा नाहीत, एकच. 400 मतदारांच्या वाडीला 60 लागतात. लग्नाच्या हळदीला याच्या दुप्पट माणसं सहज जमतात.

आणि एवढीही आली नाहीत तर? सभा तहकूब होते, नंतरची तारीख ठरते, आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवर जे विषय होते, तेच तिथे घेता येतात, पण ते कितीही मोजक्या माणसांत मंजूर होऊ शकतात. ही तरतूद वाईट हेतूने केलेली नाही. माणसं येत नाहीत म्हणून गावाचा कारभार अडून बसू नये, इतकाच तिचा उद्देश. पण पंधरा माणसांत उरकलेल्या सभेचा ठराव हा कागदोपत्री सगळ्या गावाचा ठराव असतो. ‘ग्रामसभेने सर्वानुमते ठरवले’ असं इतिवृत्तात लिहिलं जातं, आणि त्या ‘सर्व’ मध्ये तुम्हीही धरलेले असता. घरकुलाचा लाभ कुणाला द्यायचा, कुठल्या आळीत गटार आधी करायची, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात काय घ्यायचं, हे असं ठरून जातं. मग वर्षभर चावडीवर आपण म्हणतो, ‘यांनी परस्पर ठरवलं’. परस्पर ठरवता यावं इतकी मोकळी जागा आपणच सोडलेली असते.

आता पैशाचं बघू, कारण खरा विषय तोच आहे. गावाकडे पैसा साधारण तीन वाटांनी येतो. घरपट्टी-पाणीपट्टीसारखं स्वतःचं उत्पन्न, केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी, आणि राज्याच्या किंवा केंद्राच्या ठरावीक योजना. योजनांच्या पैशाची कामं बरीचशी वरून ठरून येतात. वित्त आयोगाच्या निधीचं मात्र तसं नाही. 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना जो निधी दिला, त्यात आपल्या राज्यात 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींचा आणि 10-10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेचा ठेवला गेला. ग्रामपंचायतीच्या खात्यात आलेल्या प्रत्येक 100 रुपयांतले 60 रुपये बंधित, म्हणजे स्वच्छता आणि पाणी यांसाठी राखीव होते. उरलेले 40 अबंधित, पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून गावाच्या गरजेप्रमाणे वापरण्यासाठी. ते कशावर खर्च करायचे हे गावाच्या विकास आराखड्यात लिहावं लागतं. या आराखड्याला ‘आमचा गाव, आमचा विकास’ असं नाव आहे आणि त्याला मंजुरी द्यायची असते ती ग्रामसभेने.

स्वतःच्या उत्पन्नाचेही वाटे ठरलेले आहेत. 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावातल्या दिव्यांग माणसाला हे माहीत असतं का? बहुतेक वेळा नसतं. आणि त्याच्या वतीने विचारणारं सभेत कुणी नसलं, तर तो वाटा वर्षानुवर्षं अखर्चित पडून राहतो किंवा भलतीकडे वळतो.

हा सगळा हिशोब लपलेला नाही. ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च कुणालाही पाहता येतो. ग्रामपंचायतीचं दफ्तर ठरलेल्या नमुन्यांत ठेवलं जातं, नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, असे एकूण 33 नमुने. आपल्याला सगळे पाठ करायची गरज नाही. आपल्या गल्लीतल्या एका कामाचा कागद वाचता आला तरी पुष्कळ झालं.

एकच उदाहरण घेतो. समजा तुमच्या आळीत सिमेंट काँक्रीटचा रस्ता मंजूर झालाय. या कामाचं एस्टिमेट असतं, म्हणजे काम किती, कसं आणि किती खर्चात करायचं याचा कागद. त्यात लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर असं लिहिलेलं आहे असं धरू. गुणाकार केला तर 45 घनमीटर काँक्रीट पडायला हवं. लांबी आणि रुंदी कुणीही टेप लावून मोजतो, त्यात सहसा चोरी होत नाही. चोरी होते जाडीत, कारण एकदा काँक्रीट ओतलं की ती झाकली जाते. 15 च्या जागी 10 सेंटिमीटरच पडलं, तर माल लागतो 30 घनमीटर. म्हणजे एक तृतीयांश काँक्रीट रस्त्यात गेलंच नाही, बिल मात्र पूर्ण 45 घनमीटरचं निघतं. हे पकडायची वेळ एकच, काम चालू असताना, कडेच्या फळ्या लावलेल्या असताना. त्या फळीची उंची मोजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, शाळेतल्या पोराची पट्टी पुरते. दोन पावसाळ्यांनंतर खडी वर आल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा त्या दिवशी उभं राहून विचारलेला ‘एस्टिमेट दाखवा’ हा प्रश्न कितीतरी भारी असतो. काम झाल्यावर मोजमापं ज्या वहीत लिहिली जातात तिला एमबी म्हणतात. ठेकेदाराचं बिल तिच्यावरून निघतं. तिची प्रत माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येते, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पानांचा खर्च काय तो वेगळा.

इतकं सगळं हाताशी असताना माणसं जात का नाहीत? ‘लोक आळशी आहेत’ हे उत्तर मला पटत नाही. त्यात अर्धसत्यच आहे.

रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा सभेला बसलं की दिवस बुडतो. भावकीत सरपंच असला की प्रश्न विचारणं म्हणजे वैर घेणं. उद्या विहिरीवर, बांधावर, लग्नकार्यात त्याच माणसाशी गाठ असते. वस्तीतल्या माणसाने आवाज चढवला तर त्याची किंमत त्याला सभेबाहेर मोजावी लागते, हे आपल्या गावांचं वास्तव आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याबद्दल अतिशय कठोर शब्द वापरले होते. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचं आगर, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या अनुभवातून ते आलं होतं. म्हणूनच नुसतं ‘गावाला अधिकार द्या’ म्हणून भागत नाही, त्या गावात कोण बोलू शकतं हे पाहावं लागतं. सदस्य आणि सरपंचपदाचं आरक्षण, ग्रामसभेच्या आधी घ्यायची महिला सभा, या तरतुदी त्यासाठी आहेत. महिला सभा अनेक ठिकाणी नुसत्या सह्यांवर उरकली जाते, ही माझ्या मते ग्रामसभा तहकूब होण्याहून गंभीर गोष्ट आहे. बायका बोलल्या की विषय पाणी, दारू, अंगणवाडी आणि शौचालय यांवर येतो, आणि सभामंडपाचं काम मागे पडतं.

त्याच बाबासाहेबांनी वर्षभराने, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात, दुसरी एक गोष्ट सांगितली. स्वातंत्र्य मिळाल्यामुळे काही बिघडलं तर इंग्रजांना दोष देण्याची सोय आपण गमावली आहे, यापुढे बिघडलं तर दोष द्यायला आपल्याशिवाय कुणी उरणार नाही, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारी माणसं वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल, हेही तिथलंच. ही दोन भाषणं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. पहिल्यात बोलू न शकणाऱ्याची बाजू आहे. दुसऱ्यात बोलू शकत असूनही गप्प बसणाऱ्याला विचारलेला जाब आहे.

आणि गप्प बसणारे पुष्कळ असतात. ज्यांना ना रोजीची चिंता, ना कुणाची भीती. नोकरदार, शिक्षक, बागायतदार, निवृत्त होऊन गावी परतलेले. ‘आपल्याला काय करायचंय त्या राजकारणात’ असं म्हणून ते बाजूला होतात. एस्टिमेट वाचता येणारी, कायद्याचं कलम समजणारी माणसं हीच. सरकार म्हणजे कुठेतरी वर बसलेले ‘ते’, आपण घेणारे, ते देणारे, ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. राजेशाही गेली, इंग्रज गेले, तरी अर्ज करताना आपलं वाक्य ‘मायबाप सरकार’ या सुरावर जातं. जो स्वतःला मागणारा समजतो, तो मिळालं की उपकार मानतो आणि नाही मिळालं की नशिबाला बोल लावतो. हिशोब मागायचं त्याच्या मनातच येत नाही.

कायदा या बाबतीत आपल्यावर सक्ती करत नाही. 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं घटनेत आली. आधी दहा होती, 2002 मध्ये मुलांच्या शिक्षणाबद्दलचं अकरावं जोडलं गेलं. त्यांत सार्वजनिक मालमत्ता जपणं आहे, नद्या-जंगलं राखणं आहे. सभेला जाणं नाही, मतदान करणंही नाही. ही कर्तव्यं सुचवणाऱ्या स्वर्णसिंग समितीने कर भरण्याचं कर्तव्यही सुचवलं होतं, पण ते घेतलं गेलं नाही. घरपट्टीचा प्रश्न गावात किती नाजूक असतो हे निवडणुकीच्या तोंडावर दिसतं. थकबाकीदाराला उमेदवारी करता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षांची पट्टी त्या आठवड्यात भरली जाते. एरवी सरपंच वसुलीचा आग्रह धरत नाही, कारण मतं जातील. आणि गावकरी हिशोब विचारत नाहीत, कारण आपलीच पट्टी थकलेली असते. हा दोन्ही बाजूंनी सोयीचा अबोला आहे. त्यात गावाचं नुकसान होत राहतं.

न येणाऱ्या माणसाची किंमत किती, हे दारूबंदीच्या मतदानात लख्ख दिसतं. 2008 च्या नियमांनुसार गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक आडवी बाटली आणि एक उभी बाटली. दुकान बंद व्हायला एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. आलेल्यांपैकी नव्हे, एकूण नोंदलेल्यांपैकी. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला पडतं. दुकानदार हे ओळखून असतो. बायकांनी येऊच नये यासाठीच त्या दिवशी खटपट केली जाते.

जिथे लोक बसतात तिथे काय होतं, याचं मला सर्वांत जास्त शिकवणारं उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा वाटतं. शंभरएक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. घोषणा लक्षात राहते, पण त्यामागची पद्धत फार कुणी सांगत नाही. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. कुणाचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलून पुन्हा बोलायचं. आणि सभेशिवाय तिथे अभ्यासगट चालतो. गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. अभ्यासगटात निर्णय होत नाहीत, फक्त समजून घेतलं जातं. बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, कायदा वाचायचा.

त्या वाचण्याचं मोल पुढे कळलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अशा पहिल्या गावांमध्ये त्याची गणना होते. पण बांबू तोडून विकायचा म्हटल्यावर अडचण आली. जुन्या 1927 च्या वन कायद्याचा आधार घेऊन वनविभाग बांबूला लाकडात मोजत होता. नव्या कायद्याच्या व्याख्येत मात्र बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, स्पष्ट लिहिलेला होता, आणि गौण वनोपजावर मालकी गावाची होती. गावाने ती व्याख्या वाचलेली होती. त्यामुळे लोक कुणाच्या दारात हात जोडायला गेले नाहीत, कलम दाखवून अडून बसले. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जो परवाना वनविभाग देत असे, तो आता ग्रामसभा देऊ लागली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारबद्दल बरंच लिहिलं गेलंय, म्हणून एवढंच सांगतो. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून तिथे झाडं लागली, बांध घातले गेले, हे सगळे जाणतात. मला महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. कमी पावसाच्या वर्षी स्वतःच्या रानात काय पेरायचं नाही, हे शेतकरी चारचौघांत मान्य करतो. कुठलाही अधिकारी हे हुकमाने करून घेऊ शकला नसता.

शहरात राहणाऱ्यांना हे दूरचं वाटेल. पण शहरांची स्थिती याहून बिकट आहे, कारण तिथे बसायला सतरंजीच नाही. शहरातल्या मतदारांच्या क्षेत्रसभांचा कायदा झाला, तो बहुतांशी कागदावर राहिला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासकाने कारभार पाहिला, एक नगरसेवक नव्हता, आणि सोसायट्यांच्या बैठकांत पार्किंगवर जितका वाद झाला तितका त्यावर झाला नाही. पुण्यात 2006 च्या सुमारास सुरू झालेली एक चांगली सोय आहे. नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो.

मुंबई-पुण्यात राहून गावाशी नाळ टिकवणारे चाकरमानी तर दोन्हीकडे उपयोगी पडू शकतात. कोकणातल्या कित्येक वाड्यांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत, गणपती आणि शिमग्याला ती गावी जातात, देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखोंनी वर्गणी देतात. मतदार यादीत नाव शहरात असेल तर ग्रामसभेत त्यांना मत नाही. पण गावातल्या भावाला एस्टिमेट वाचून दाखवणं, ई-ग्रामस्वराजवरचा खर्च मंडळाच्या ग्रुपवर टाकणं, यासाठी मताची गरज नाही.

आता पहिल्यांदा सभेला जाणाऱ्यासाठी थोडं व्यवहाराचं. सभेची नोटीस आठवडाभर आधी लागते, दवंडीही व्हायला हवी. नोटिशीवर विषयपत्रिका असते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सभेत मोघम बोलू नका. ‘भ्रष्टाचार चाललाय’ म्हटलं की भांडण होतं आणि सभा उधळली जाते. ‘मागच्या ठरावातलं पाईपलाईनचं काम कुठवर आलं, त्यावर खर्च किती पडला’ असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. एकट्याने जाऊ नका, आळीतले पाच-सहा जण आणि त्यात बायका असू द्या. प्रश्न विचारणाऱ्याला एकटं गाठता येतं, आळीला गाठता येत नाही. पहिल्या वेळी ‘पुढच्या सभेत सांगतो’ असं उत्तर मिळेल. पुढच्या सभेत तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा.

आणि सभा संपताना सह्यांचं रजिस्टर फिरतं तेव्हा एक सवय लावून घ्या. सही करण्याआधी इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, लोक प्रोसिडिंग म्हणतात ते. तुमचा प्रश्न त्यात लिहिला गेलाय का, ठरावाचे शब्द सभेत ठरले तेच आहेत का, सूचक आणि अनुमोदक म्हणून कुणाचं नाव पडलंय, हे तिथेच कानाने ऐका. ठरावाखाली मोकळी जागा सुटली असेल तर तिथे रेघ मारायला सांगा. कोरं पान पुढे आलं तर सही करू नका. नंतर घरी येऊन कुणी ‘परवाच्या सभेची तेवढी सही द्या’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा, मग तो माणूस सख्ख्या भावकीतला का असेना.